कुठल्या महाराजांची म्हणे? जुन्या रोल्स-रॉइसच्या मालकीचा माग कसा काढायचा

जुनी रोल्स-रॉइस विकायला निघाली की तिच्यासोबत एखादे महाराज हमखास येतात. 'बडोदा सरकारांची', 'ग्वाल्हेरची', अगदीच काही नाही तर 'कुठल्याशा संस्थानिकाची'. कशावरून, असं दलालाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'साहेब, सगळ्या लाइनीला माहितीये.' लाइनीला माहीत असलेली ही गोष्ट कागदावर शोधायला जावं तर कुठेच सापडत नाही. गाडीची किंमत मात्र तेवढ्या एका वाक्याने चढलेली असते.

कलकत्त्याची ती प्रसिद्ध हंसाच्या आकाराची मोटार घ्या. १९१० साली इंग्लंडच्या ब्रूक कंपनीच्या चासीवर (बॉडीखालच्या सांगाड्यावर) बांधलेली, पुढे लांब मान आणि चोच. बघणारा कुणीही म्हणेल, हा शौक महाराजांचाच. प्रत्यक्षात ती बनवून घेतली कलकत्त्यात राहणाऱ्या रॉबर्ट निकॉल मॅथ्यूसन नावाच्या साहेबाने. नाभ्याच्या महाराजांकडे ती नंतर गेली आणि आज ती नेदरलँड्समध्ये हेगच्या लाउमन संग्रहालयात आहे. मुंबईतही पहिल्या मालकांत गिरणीमालक, कापसाचे व्यापारी, बॅरिस्टर आणि इंग्रज कंपन्यांचे साहेब भरपूर होते. तेव्हा पहिला नियम: महाराज सिद्ध होईपर्यंत महाराज नाहीत.

हा लेख युद्धापूर्वीच्या, म्हणजे साधारण १९०७ ते १९३९ मधल्या रोल्स-रॉइसबद्दल आहे. कारण हिंदुस्थानात या गाड्या मोठ्या संख्येने आल्या आणि कारखान्याच्या नोंदी इतक्या व्यवस्थित टिकलेला दुसरा मेक क्वचितच सापडेल. बेंटली, डेमलर किंवा मर्सिडीज असली तरी पद्धत बहुतेक हीच राहते, फक्त दारं वेगळी ठोठवावी लागतात.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे वेळ कुठे घालवायचा ते कळेल. मालकीच्या साखळीचं पहिलं टोक कारखान्यात मिळतं, शेवटचं टोक तुमच्या हातातल्या आरसी बुकात असतं. ही दोन्ही टोकं तशी सोपी. साखळी तुटते ती मध्ये, साधारण १९४८ ते १९७५ या काळात, जेव्हा या गाड्यांना भंगाराच्या जरा वर भाव होता आणि त्या कंत्राटदार, सिनेमावाले, लग्नाला गाड्या भाड्याने देणारे, गॅरेजवाले अशांच्या हातांतून फिरल्या. त्या मालकांचा अभिमान कुणालाच नाही, म्हणून त्यांचे कागदही कुणी जपले नाहीत. खरी मेहनत तिथेच करायची आहे.

आधी गाडी वाचा

कागद शोधण्याआधी गाडीखाली झोपा. रोल्स-रॉइसची ओळख तिच्या चासी नंबरावर ठरते. रंग, बॉडी, नंबरप्लेट, अगदी इंजिनसुद्धा दुय्यम. कारण दुसऱ्या महायुद्धापर्यंत कंपनी फक्त चासी विकायची. गिऱ्हाईक ती चासी बार्कर, हूपर, थ्रप अँड मेबर्ली, विंडोव्हर्स अशा एखाद्या कोचबिल्डरकडे पाठवून हवी तशी बॉडी चढवून घ्यायचा. पुढे फॅशन बदलली की तीच चासी नवी बॉडी घेऊन फिरायची. १९१४ च्या चासीवर १९२६ ची बॉडी असू शकते आणि दोन्ही अस्सल असू शकतात, पण दोन्हींचे मालक एकच असतील असं नाही.

चासी नंबर दोन ठिकाणी बघायचा. एक, बॉनेटखाली फायरवॉलवरची, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावरची, पितळी पट्टी. दुसरा, फ्रेमवर ठोकलेला. फ्रेमवरची जागा मॉडेलनुसार बदलते. पट्टी स्क्रूने बसवलेली असते, ती कुणीही काढून दुसऱ्या गाडीला लावू शकतो. फ्रेमवरचा नंबर बदलायला धाडस लागतं. दोन्ही जुळत नसतील तर पुढचं सगळं थांबवा आणि आधी त्याचा खुलासा मिळवा.

फ्रेमवर सत्तर-ऐंशी वर्षांचं ग्रीस, रंग आणि धूळ बसलेली असते. रॉकेल, जुना टूथब्रश आणि वेळ, एवढंच वापरा. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश लावणारा मेकॅनिक दिसला तर त्याला चहा प्यायला पाठवा. ठोकलेल्या अक्षराच्या कडा एकदा घासल्या गेल्या की पुरावा गेला. जागा कोरडी झाली की बटर पेपर नंबरावर घट्ट धरून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. आरटीओत पासिंगला गाडी नेणाऱ्यांना ही ट्रेसिंग माहीतच आहे. डोळ्यांना जो आकडा तीन वाटत होता तो कागदावर आठ निघतो, कारण डावीकडची रेघ रंगाखाली दबलेली असते. अशा दोन-तीन ट्रेसिंग घ्या, प्रत्येकीवर तारीख आणि जागा लिहा, आणि बाजूला टेप ठेवून फोटो काढा.

नंबराची धाटणी समजून घेतली की निम्मी गफलत टळते. फँटम दोन या मॉडेलमध्ये आधी आकडा आणि मग दोन अक्षरं येतात. ट्वेंटी-ट्वेंटीफाइव्ह या मॉडेलमध्ये 'जी'ने सुरू होणारी तीन अक्षरं आणि मग आकडा येतो. कंपनी तेरा हा आकडा अशुभ मानून टाळायची, त्यामुळे मालिकेत मध्येच एक नंबर गायब दिसला तर घाबरू नका. इंजिनाचा नंबर क्रँककेसवर असतो आणि तोही अक्षर-आकड्यांचाच, चासीपेक्षा वेगळा. आपल्याकडच्या जुन्या आरसी बुकांत कारकुनाने इंजिन नंबर चासीच्या रकान्यात आणि चासी नंबर इंजिनाच्या रकान्यात चढवल्याची प्रकरणं नेहमी भेटतात. इंग्रजी 'ओ'चं शून्य आणि 'आय'चा एक होणं तर रोजचंच. म्हणून नंबर 'जुळत नाही' म्हणण्याआधी हे अदलाबदलीचे सगळे प्रकार करून पाहा.

मग बॉडी. दाराच्या उंबरठ्यावर कोचबिल्डरची पट्टी आहे का? सीटखालच्या लाकडावर, दाराच्या आतल्या पॅनलच्या मागच्या बाजूला नंबर ठोकलेला किंवा पेन्सिलने लिहिलेला आहे का? गादीचं काम काढलं जाईल त्या दिवशी तिथे हजर राहा, कारण कारागिराला तो आकडा कचरा वाटतो. डॅशबोर्डवर विक्रेत्याची किंवा गॅरेजची छोटी पट्टी असेल तर तिचाही फोटो घ्या. गाडी कोणत्या शहरात विकली किंवा दुरुस्त झाली, हे तिथून कळतं.

कारखान्याचं कार्ड

चासी नंबर पक्का झाला की इंग्लंडला लिहायचं. डर्बीच्या कारखान्यात प्रत्येक चासीची कार्डं ठेवली जायची. ही दप्तरं नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या पॉलर्सपरी गावी हंट हाउसमध्ये, १९५७ साली स्थापन झालेल्या रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबच्या देखरेखीखाली जपलेली आहेत. शुल्क भरून प्रती मागवता येतात. गाडी अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड कारखान्यातली (१९२१ ते १९३१) असेल तर पेनसिल्व्हेनियात मेकॅनिक्सबर्गच्या रोल्स-रॉइस फाउंडेशनकडे जायचं.

कार्ड हातात आल्यावर लोक मालकाचं नाव बघतात आणि बाकीचं बाजूला ठेवतात. तसं करू नका. कार्डावर साधारणपणे ऑर्डर कुणी दिली, चासी चाचणीतून कधी बाहेर पडली, कोणत्या कोचबिल्डरकडे गेली, बॉडीचा प्रकार, स्टिअरिंग किती कलतं हवं, गाडी कुठे वापरली जाणार आहे, डिलिव्हरी कधी आणि पाठवायची असेल तर कसल्या मार्गाने, असा तपशील असतो. 'हिंदुस्थानात वापर' अशा अर्थाची नोंद असेल तर रेडिएटर, स्प्रिंगा वगैरे त्याप्रमाणे वेगळ्या असू शकतात, आणि त्या आज गाडीवर आहेत का हे ताडून पाहता येतं. कागद आणि लोखंड एकमेकांना दुजोरा देतात तिथे पुरावा पक्का होतो.

दोन सापळे लक्षात ठेवा. पहिला: ऑर्डर देणारा आणि गाडी वापरणारा एकच असेल असं नाही. हैदराबादच्या निजामांची पिवळी सिल्व्हर घोस्ट, जी आज चौमहल्ला राजवाड्यात आहे, ती मागवली सहावे निजाम महबूब अली खान यांनी. ते ऑगस्ट १९११ मध्ये वारले. बार्करने बांधलेली गाडी पोहोचेपर्यंत गादीवर सातवे निजाम उस्मान अली खान आले होते. नुसतं 'निजामांची' म्हटलं की हा फरक बुजून जातो. दुसरा: कार्डावर मालक म्हणून मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या विक्रेत्याचं नाव असतं. त्याचा अर्थ गाडी स्टॉकमध्ये आली, पुढे कुणाला गेली ते विक्रेत्याच्या दप्तरातच होतं. अशा वेळी 'पहिला मालक अज्ञात, विक्रेता अमुक' असंच लिहायचं.

कार्डाच्या खालच्या बाजूला किंवा मागे कधी कधी नंतरच्या मालकांची नावंही मिळतात, कारण गाडी विकली गेली की कंपनीची गॅरंटी नव्या मालकाच्या नावे केली जायची आणि गाडी सर्व्हिसला आली की नोंद व्हायची. ही नावं सोन्याच्या मोलाची. पण ती बहुतेक इंग्लंडमध्ये राहिलेल्या गाड्यांना मिळतात.

महाराज लंडनला गेले असताना गाडी घेऊन तिथेच काही महिने वापरायचे आणि मग बोटीने पाठवायचे, हेही होतं. तसं असेल तर गाडीला आधी इंग्लंडचा नंबर मिळालेला असणार. तिकडच्या काउंटी कौन्सिलांच्या नोंदवह्या बऱ्याच नष्ट झाल्या. उरलेल्यांपैकी काही ड्रॉइटविचच्या किटहेड ट्रस्टकडे आणि काही स्थानिक अभिलेखागारांत आहेत.

संस्थानाचं दप्तर: खासगी की दरबार?

कार्डावर संस्थानाचं नाव निघालं तर आनंद व्हायला हरकत नाही, पण लगेच पुढचा प्रश्न विचारा: गाडी कुणाच्या पैशाने आली? संस्थानात राजाचं खासगी खातं वेगळं आणि दरबारचं, म्हणजे राज्याचं खातं वेगळं. मोटारखान्याच्या हिशेबात गाडी कुठल्या सदराखाली आहे यावर तिचं पुढचं सगळं आयुष्य ठरतं. सांगली, मिरज, औंध, फलटण, भोर ही दक्षिणेतली संस्थानं मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला, बडोदा १ मे १९४९ ला. दरबारच्या मालकीची गाडी विलीनीकरणानंतर सरकारजमा व्हायला हवी. खासगीतली घराण्याकडे राहायला हवी. आज कुणी 'वाड्यातूनच घेतली' असं सांगत असेल आणि हिशेबात गाडी दरबारची निघाली, तर मध्ये सरकारचा एक लिलाव किंवा हस्तांतराचा हुकूम कुठेतरी असायलाच हवा.

हे कागद कुठे बघायचे? मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख संचालनालय आहे, कोल्हापूरला आणि पुण्याला पुराभिलेखागारं आहेत. बडोद्याचं दप्तर गुजरात सरकारच्या वडोदऱ्याच्या अभिलेखागारात. ब्रिटिश रेसिडेंटच्या पत्रव्यवहारासाठी दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार आणि लंडनला ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स. संस्थानांचे वार्षिक प्रशासन अहवाल आधी चाळा; त्यांत मोटारखात्याचा खर्च असतो, आणि ज्या वर्षी तो अचानक फुगतो ते वर्ष हाती लागलं की त्याच वर्षाच्या फायली मागवायच्या. बऱ्याच नोंदी मोडीत आहेत. मोडी वाचणारा सोबत असेल तर 'मोटार', 'रोल्स', 'विलायतेहून' हे शब्द शोधायला सांगा. मेकचं नाव कारकून कानाला ऐकू आलं तसं लिहायचा, त्यामुळे त्याची अनेक रूपं सापडतात.

वर्तमानपत्रांनाही विसरू नका. १९०८ सालच्या मुंबई–कोल्हापूर मोटार चाचणीत 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची रोल्स-रॉइस घाट चढून-उतरून जिंकली आणि ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी घेतली, हे आपल्याला माहीत आहे कारण त्या शर्यतीचा तेव्हा गाजावाजा झाला. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत जुने अंक आहेत. शर्यती, दरबार, व्हाइसरॉयची भेट, राजघराण्यातलं लग्न, अशा तारखा धरून शोधलं तर गाडीचा फोटो किंवा उल्लेख मिळण्याची शक्यता वाढते.

मधली पंचवीस वर्षं

आता खरा डोंगर. १९४८ नंतर संस्थानं गेली, पुढे १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखेही गेले. पेट्रोल पिणाऱ्या, सुटे भाग न मिळणाऱ्या गाड्या ठेवायच्या कशाला? त्या विकल्या गेल्या, बक्षीस दिल्या गेल्या, दुरुस्तीच्या बिलापोटी गॅरेजमध्येच राहिल्या. काही परदेशी संग्राहकांनी उचलल्या. कोल्हापूरला दसऱ्याच्या सोहळ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक येते तिच्या मालकीबद्दल कुणी शंका घेत नाही, कारण ती घरातून बाहेर गेलीच नाही. असं भाग्य थोड्या गाड्यांचं.

या काळासाठी सर्वांत मोठा साक्षीदार म्हणजे जुनं आरसी बुक, किंवा आपल्याकडचे लोक म्हणतात तसं आरसीटीसी, म्हणजे नोंदणी आणि कर दोन्हींचं पुस्तक. ते मालकाच्या नावाच्या पानावर उघडून बंद करू नका. हस्तांतराच्या पानावर प्रत्येक मालकाचं नाव, पत्ता, तारीख आणि अधिकाऱ्याची सही असते. पण कराची पानं त्याहून बोलकी. कर कोणत्या कार्यालयात भरला त्याचे शिक्के सांगतात की गाडी त्या तिमाहीत कुठे होती. शिक्के सलग चालले असताना एकदम पाच वर्षं रिकामी दिसली तर गाडी बंद होती किंवा 'नॉन-यूज'मध्ये टाकली होती. नॉन-यूजचा अर्ज सापडला तर दिवाळीच, कारण कर माफ व्हायचा म्हणून मालकाला गाडी नेमकी कुठे उभी आहे तो पत्ता लिहून द्यावा लागायचा. वाड्याची पागा, मिलचं आवार, एखाद्याचं गोडाऊन, असे पत्ते तिथे मिळतात आणि त्या पत्त्यावर आज कुणीतरी म्हातारं माणूस राहत असतं.

बुक हरवलं असेल तर नंबरप्लेटवरून सुरुवात. जुने फोटो, इन्शुरन्सची कव्हर नोट, गॅरेजचं बिल, कशावरही नंबर असू शकतो. संस्थानी गाड्यांवर बहुधा संस्थानाचं नाव आणि आकडा असायचा. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानंतरच्या मुंबई इलाख्यातल्या नंबरांची सुरुवात 'बीएम'ने, १९६० नंतर महाराष्ट्राची 'एमआर' आणि 'एमएम'सारखी अक्षरं, आणि १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाल्यावर 'एमएच'. म्हणजे नुसती प्लेट बघूनही नोंदणी कोणत्या काळातली ते कळतं. गाडी १९२८ ची आणि प्लेट 'एमआर'ची, याचा अर्थ १९६० नंतर तिची इथे नव्याने नोंदणी झाली. त्याआधी ती कुठे होती? दुसऱ्या राज्यातून आली असेल तर तिथल्या कार्यालयाचं ना-हरकत पत्र त्या फाइलला लागलेलं असणार.

आरटीओत जाऊन काउंटरवर 'साहेब, जुनं रजिस्टर बघायचंय' म्हटलं तर बहुतेक वेळा मान हलते. माहितीच्या अधिकारात लेखी अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि मागणी नेमकी: अमुक नंबरच्या वाहनाच्या नोंदणी रजिस्टरमधील नोंदीची, हस्तांतराच्या सर्व अर्जांची आणि रद्दीत काढल्या असतील तर रद्दीच्या आदेशाची प्रत. हा शेवटचा भाग विसरू नका. 'रेकॉर्ड उपलब्ध नाही' या तीन शब्दांनी काही सिद्ध होत नाही. अमुक वर्षाची रजिस्टरं अमुक आदेशाने नष्ट केली, असं लेखी उत्तर मात्र फाइलमध्ये लावता येतं. दुसऱ्याच्या नावावरच्या गाडीची माहिती वैयक्तिक म्हणून नाकारली जाऊ शकते, म्हणून अर्ज आजच्या मालकानेच करावा किंवा त्याचं अधिकारपत्र जोडावं.

आरटीओ आटला तर बाजूचे झरे. १९५३ ते १९८५ इस्टेट ड्यूटी होती, श्रीमंत माणूस वारला की मालमत्तेची यादी द्यावी लागायची. १९५७ पासून संपत्ती कर होता, त्याच्या विवरणपत्रांत मोटारी किमतीसह लिहिल्या जायच्या. ही कागदपत्रं घराण्याच्या जुन्या सीएकडे किंवा वकिलाच्या माळ्यावर असतात. मुंबईतल्या मालकाचं मृत्युपत्र असेल तर हायकोर्टातलं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला कोर्टाने दिलेली मान्यता, बघा, त्याला जोडलेल्या मालमत्तेच्या यादीत गाडी एका ओळीत येऊन जाते. आणि वाटणीचे दावे! भावाभावांत भांडण झालं असेल तर संशोधकाचं नशीब उघडलं समजा. वादीने गाडीचं वर्णन असं केलेलं असतं की विकणाऱ्यालाही तितकं माहीत नसतं.

लग्नाला गाड्या देणारे आणि सिनेमाला गाड्या पुरवणारे यांना लोक कमी लेखतात. माझ्या मते याच लोकांनी या गाड्या वाचवल्या. त्यांच्याकडे बुकिंगच्या वह्या असतात, त्यांत गाडीचा नंबर, तारीख, पार्टीचं नाव. जुन्या मराठी-हिंदी चित्रपटात नायक जिच्यातून उतरतो ती गाडी तुमचीच का, हे प्लेट, दिवे आणि मडगार्डची वळणं जुळवून बघता येतं. चित्रपट कधी प्रदर्शित झाला ते ठाऊक असतं, म्हणजे तारखेचा एक खिळा पक्का बसतो.

फोटो आणि माणसं

फोटोत आधी माणसं नका बघू. प्लेट वाचता येते का, चाकं तारांची की बंद, स्पेअर व्हील कुठे, दिव्यांचे आकार, दाराच्या बिजागऱ्या किती आणि कुठे. निकेलची चमक पिवळसर, क्रोमची निळसर. १९२० च्या दशकाच्या शेवटाला बदल झाला, पण नंतर क्रोम करून घेतलेल्या गाड्या असंख्य आहेत, त्यामुळे यावरून एकट्याने निकाल देऊ नका. एकाच घराण्यात एकसारख्या दिसणाऱ्या दोन-तीन गाड्या असायच्या. फोटोतली गाडी घराण्याची आहे, एवढं सिद्ध होतं; ती *हीच* गाडी आहे हे प्लेटशिवाय किंवा एखाद्या खास खुणेशिवाय सिद्ध होत नाही.

जुन्या ड्रायव्हरला, मिस्त्रीला, वाड्यावरच्या कारभाऱ्याला भेटायला जाल तेव्हा 'आजोबा, ही गाडी महाराजांचीच ना?' असं विचारू नका. ते 'होय' म्हणणार, पाहुण्याचं मन कशाला मोडा. 'गाडी कुठल्या बाजूच्या पागेत उभी असायची? हॅंडल मारायला कोण होतं? मागच्या सीटचा पडदा कसल्या रंगाचा? तुमचं लग्न झालं तेव्हा गाडी होती का गेली होती?' असे प्रश्न विचारा. शेवटचा प्रश्न फार कामाचा, कारण सन कुणाला आठवत नाही पण लग्न आठवतं. परवानगी घेऊन रेकॉर्डिंग करा आणि दोन वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळं बसवून विचारा.

ऐकीव गोष्टींना एक चाळणी लावतो: हीच गोष्ट दुसऱ्या संस्थानाबद्दलही सांगतात का? विलायतेतल्या शोरूममध्ये अपमान झाला म्हणून महाराजांनी रोल्स-रॉइस घेऊन कचरा उचलायला लावल्या, ही कथा अलवरची म्हणून सांगतात, भरतपूरची म्हणून सांगतात, पतियाळाची आणि हैदराबादचीही. जी गोष्ट सगळ्यांची असते ती तुमच्या गाडीचा पुरावा होऊ शकत नाही. मनोरंजन म्हणून ठेवा, फाइलमध्ये नको.

परदेशी गेलेली आणि परत आलेली

राजकोटच्या ठाकूरसाहेबांची १९३४ ची केशरी फँटम दोन, 'स्टार ऑफ इंडिया', थ्रप अँड मेबर्लीने बांधलेली, १९६० च्या दशकात देशाबाहेर गेली, २०१० मध्ये मोनॅकोतल्या लिलावात आली आणि पुन्हा राजकोटच्या घराण्याकडे पोहोचली. तिच्या मधल्या मालकांची नावं मिळतात कारण तिकडे क्लबांच्या यादीत, प्रदर्शनांच्या पुस्तिकांत आणि लिलावाच्या कॅटलॉगांत गाडीचा माग राहतो. तुमच्या चासी नंबरने जुने लिलाव शोधा. तोच नंबर सांगणारी दुसरी गाडी जगात कुठे उभी नाही ना, हेही त्यातून कळतं. असं होतं. दोन मोडक्या गाड्यांची एक चांगली करताना एकीची पट्टी आणि दुसरीची फ्रेम वेगवेगळ्या देशांत पोहोचते.

वारस आणि सही

इतिहास आणि कायदेशीर मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विकत घेणाऱ्याला दोन्ही लागतात. सर्वांत नेहमीची अडचण: आरसी वडिलांच्या नावावर, वडील जाऊन वीस वर्षं झाली, गाडी धाकट्याच्या बंगल्यात, बहिणी पुण्याला आणि अमेरिकेला. मालक वारल्यावर नाव चढवायला फॉर्म ३१, वारसांचा दाखला आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागतं. त्यानंतर विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०. 'आधी पैसे द्या, ताईची सही पुढच्या महिन्यात आणतो' या वाक्यावर व्यवहार करू नका. बँकेचा जुना बोजा आरसीवर चढलेला राहिला असेल तर तो फॉर्म ३५ ने उतरवून घ्या, बँक बंद झाली असली तरी. आणि १९५० पूर्वीच्या मोटारींच्या निर्यातीवर निर्बंध आहेत, म्हणून 'बाहेर विकू' अशा हिशेबाने किंमत लावणाऱ्याशी जपून बोला.

फाइल अशी लावा

प्रत्येक मालकासाठी एक पान. वर नाव आणि काळ, खाली पुरावा, आणि बाजूला दर्जा: मूळ कागद असेल तर 'पक्का', दोन स्वतंत्र अप्रत्यक्ष पुरावे असतील तर 'संभाव्य', नुसतं तोंडी असेल तर 'ऐकीव'. नमुना म्हणून एक काल्पनिक साखळी बघा:

१९३० – मुंबईचा विक्रेता, चासी कार्ड, पक्का.
१९३०–१९४९ – संस्थानाची खासगी; १९३३ च्या हिशेबातली दुरुस्तीची नोंद आणि प्लेट वाचता येणारा फोटो; संभाव्य.
१९४९–१९५८ – माहिती नाही.
१९५८–१९६६ – मुंबईचा चित्रपट निर्माता, आरसीतलं हस्तांतर आणि कराचे शिक्के, पक्का.
१९६६–१९७१ – नॉन-यूज, परळचं गोडाऊन, अर्जाची प्रत, पक्का.
१९७१ पासून आजचं कुटुंब, आरसी, फॉर्म ३१, पक्का.

तिसऱ्या ओळीवर हात आखडतो. नऊ वर्षं रिकामी ठेवायला नको वाटतं, आणि दलाल तिथे 'महाराजांच्या मेव्हण्यांकडे' असं लिहून टाकायला तयारच असतो. तसं लिहू देऊ नका. जाणकार गिऱ्हाईक रिकामी ओळ बघून घाबरत नाही. रंगवलेली ओळ पकडली गेली की मात्र तो बाकीच्या पाच ओळींवरचाही विश्वास काढून घेतो. किंमत किती पडते याचा अंदाज यावा म्हणून दोन्ही प्रकारच्या फायली घेऊन एखाद्या जुन्या संग्राहकाला भेटा, किंवा मुंबईच्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लबच्या एखाद्या रॅलीला जा आणि कोण कुठली फाइल जास्त वेळ चाळतं ते बघा.

व्हिंटेज नोंदणी

फाइल तयार झाली की तिचा पहिला उपयोग आरटीओतच होतो. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून जास्त झालेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी या वर्गात बसते. अर्ज फॉर्म २० मध्ये, सोबत विमा, आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री (कस्टम्सचा आयातीचा कागद), भारतात आधी नोंद झालेली असेल तर जुनं आरसी. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला ५,००० रुपये. आधीचा नंबर असेल तर तोच ठेवता येतो. नव्याने नोंद होत असेल तर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेली मालिका मिळते.

जुना नंबर असेल तर तो सोडू नका, तो स्वतःच एक पुरावा आहे. मात्र जुन्या हस्तलिखित आरसीची नोंद ऑनलाइन 'वाहन' प्रणालीत चढलेली नसेल तर आधी बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. त्या वेळी चासी आणि इंजिन नंबर स्क्रीनवर स्वतः वाचून, तुमच्या ट्रेसिंगशी अक्षरागणिक जुळवून मगच सही करा. तिथे झालेली चूक दुरुस्त करायला पुन्हा पहिल्यापासून फेऱ्या. या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते, म्हणजे लग्नाच्या बुकिंगा घ्यायच्या असतील तर हा रस्ता तुमचा नाही. गाडी विकली तर राज्याच्या परिवहन प्राधिकरणाला कळवायचं असतं. त्या पत्राची पोच घ्या आणि फाइलच्या शेवटच्या पानाला लावून मगच फाइल नव्या मालकाच्या हातात द्या.